सगळ्यात मोठं अक्षर

घरात एक कॅमेरा होता. तो पेन्शन घ्यायचा, उठताबसता चहा मागायचा आणि दाढी करताना बेसूर गायचा. ते सूनबाईचे सासरे. सगळं नातंगोतं त्यांना कॅमेरा म्हणायचं, आणि त्यांना ते आवडायचं. कुणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली, तर हा कोण कुणाला बोलावतोय म्हणून ते इकडेतिकडे बघायचे.

कीर्ती जुनी होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते ऑपरेटर होते. रिसीव्हर उचलला की पलीकडे जिवंत माणूस बोलायचा आणि ‘मला अमक्याकडे जोडून द्या’ असं त्याला सांगावं लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. गावातले सगळे नंबर त्यांना पाठ. कुणी नुसतं ‘लाकडाची वखार’ म्हणावं आणि ह्यांनी खटकन जोडून द्यावं. लोकांना तो चमत्कार वाटायचा. रोज दिवसभर तेच तेच नंबर जोडले तर पिंजऱ्यातल्या पोपटालाही पाठ होतील, हे कुणाच्या डोक्यात यायचं नाही. पण लोकांना पोपट नको असतो, अवतार हवा असतो.

एक्स्चेंज गेलं, नंबर गेले, अवतार मात्र राहिला. पाहुणे आले की प्रयोग व्हायचा. मासिकातलं एक पान त्यांच्यापुढे धरायचं, ते त्यावरून नजर फिरवणार, मासिक परत देणार, डोळे मिटणार आणि हवेत बोट ओळीओळीने सरकवत घडाघडा म्हणून दाखवणार. “पान डोळ्यांसमोर उभं राहतं,” असं ते सांगायचे. हवेतलं पान उलटताना बोटाला थुंकी लावायची तेवढी बाकी होती. मासिक नेहमी घरातल्याच चळतीतलं असायचं आणि त्या चळतीची दुपारभर पारायणं झालेली असायची, हे सूनबाईने लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी टिपलं होतं. ती काही बोलली नाही. नव्या सुनेने गप्प बसायचं असतं. जुनी झाल्यावरही तिने तोंडाने फारसं काही म्हटलं नाही, पण प्रयोग सुरू झाला की ती हातातलं भांडं जरा जोरात ठेवायची.

आणि हाच कॅमेरा छत्री हमखास दुकानात विसरून यायचा. गॅसवर दूध ठेवून खिडकीत जाऊन उभा राहायचा. मुलाच्या लग्नाचा दिवस कोणता, असं विचारलं तर “थंडी होती” एवढंच उत्तर मिळायचं. छत्रीसाठी आणि दुधासाठी त्या कॅमेऱ्यात बहुधा रीळ भरलेलं नसे.

सूनबाईचा राग समजायचा तर तिचा धंदा समजायला हवा. डोळ्यांच्या दवाखान्यात ती चष्म्याचे नंबर काढायची. अंधाऱ्या खोलीत एक खुर्ची, समोर भिंतीवर उजेडाचा तक्ता, वर तळहाताएवढं एकच अक्षर आणि खाली उतरत मुंगीएवढी होत गेलेली अक्षरं. तिच्याकडे लायसन्सवाले यायचे. धड दिसत नाही पण गाडी सोडवत नाही, अशी ही जमात. बाहेरच्या बाकावर बसून ही मंडळी आधीच्या माणसाचं वाचन कान देऊन ऐकायची, मनात घोकायची आणि आत येऊन तक्ता पोथीसारखा म्हणून टाकायची. सूनबाई पहिल्या दोन ओळी ऐकून घ्यायची. मग छडी उचलून तिसऱ्या ओळीचं शेवटचं अक्षर दाखवायची. मग त्याच्या अलीकडचं. मग एकदम वरचं. माणसाची बोबडी वळायची. ‘ज्याला दिसतं त्याला उजवीकडूनही दिसतं, ज्याला पाठ आहे तो डावीकडूनच सुटतो,’ हे तिचं ब्रह्मवाक्य. ह्या एका वाक्यावर तिने भलेभले खुर्चीतून उठवले होते आणि त्याचा तिला बऱ्यापैकी गर्व होता.

दवाखान्याने काढून टाकलेला एक पिवळा पडलेला तक्ता तिने घरी आणून बोळाच्या टोकाला लावला होता. वर्षातून एकदा ती घरच्यांना रांगेत उभं करायची. नवरा अडखळायचा, मुलगी भराभर वाचायची आणि कॅमेरा? कॅमेरा वरपासून खालपर्यंत सरसर उतरायचा आणि तळाशी छापखान्याचं नाव असतं, जे गरुडालाही तिथून दिसणार नाही, तेही ठणकावून वाचायचा. सगळे टाळ्या वाजवायचे. सूनबाई मनात म्हणायची, वाजवा, माकडाचा खेळ संपला की टाळ्या वाजवायच्याच असतात. छडी घ्यावी आणि म्हाताऱ्याला उजवीकडून वाचायला लावावं, असं तिला दर वर्षी वाटायचं. पण गॅसवर काहीतरी असायचं किंवा बस गाठायची असायची. आणि खरं सांगायचं तर, ज्याला आपण मोजतच नाही त्याचं माप कोण घेत बसतो?

त्यातून गेल्या वर्षापासून म्हाताऱ्याच्या अंगी एक नवाच माज आला होता. सुनेशी बोलताना तो तिच्या तोंडाकडे बघेनासा झाला होता. ती समोर उभी राहून विचारायची, “बाबा, भाजी वाढू?” आणि हा तिच्या कानाकडे बघून म्हणायचा, “वाढ.” कानात डूल नवे आहेत का, हे बघत असल्यासारखा. तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, “वय झालं गं.” नवऱ्यांकडे असल्या तक्रारींना एवढं एकच उत्तर असतं.

हे सगळं तिने आयुष्यभर चालवून घेतलं असतं. पण कॅमेऱ्याने शिष्या धरली, आणि ती शिष्या म्हणजे सूनबाईची मुलगी. सारखं काहीतरी कुरतडत असायची म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे. शाळेतून आली की आजोबा तिला घेऊन गॅलरीत बसायचे आणि शिकवणी सुरू व्हायची.

“कोण आलं फाटकातून? एकदाच बघायचं. सांग.”

“खालच्या मजल्यावरच्या काकू.”

“हातात?”

“हिरवी पिशवी. आणि चेहरा रागावलेला.”

“शाब्बास. आता पेपर वाच. मोठ्याने. पानं मनावर उमटली पाहिजेत.”

पोरगी पेपर मोठ्याने वाचायची, आणि संध्याकाळी सूनबाईचा नवरा घरी आला की कॅमेरा त्याला तोच पेपर तोंडपाठ सांगून चकित करायचा. सूनबाई स्वयंपाकघरातून हे ऐकायची आणि कणीक तिंबता तिंबता हसायची. गुरू स्वतः ढुंकूनही फाटकाकडे बघत नव्हता. हुकूम तेवढे सोडायचा. आयत्या बिळावर नागोबा.

एवढ्यावरही भागलं असतं, पण मग जावईबापू उगवले. नणंदेचा नवरा शिकवण्यांचे क्लास चालवायचा. गणिताचा क्लास, हस्ताक्षराचा क्लास, व्यक्तिमत्त्वाचा क्लास. स्वतःकडे जे जे नव्हतं ते ते तो शिकवायचा. आता त्याने ‘छायाचित्र बुद्धी’ नावाचा वर्ग काढायचा घाट घातला होता. पान एकदा बघा, जन्मभर आठवा. उद्घाटनाला मोठा हॉल, भरलेल्या खुर्च्या आणि स्टेजवर जिवंत पुरावा म्हणून आजोबा आणि नात.

“आपल्या घराण्यातच आहे ते,” नणंद म्हणाली. तिला स्वतःच्या घराची किल्ली कधी सापडायची नाही.

“वैज्ञानिक सत्य आहे, वहिनी,” जावईबापू म्हणाले. “प्रत्येकाच्या मेंदूत कॅमेरा असतो. फक्त बटण दाबायचं असतं.”

“मग तुमचं कुणी दाबलं नाही का अजून, भावोजी?” सूनबाईने विचारलं. नवऱ्याने तिला टेबलाखालून पाय मारला.

त्या दिवसापासून खारू सुकायला लागली. नखं बोटांपर्यंत खाऊन झाली. एकदा सूनबाई धुणं घ्यायला न्हाणीघरात गेली, तर पोर उपड्या बादलीवर बसून मुसमुसत होती.

“काय झालं?”

“मला नाही जायचं स्टेजवर.”

“फोटो येत नाही ना डोक्यात?”

खारूने आईकडे बघितलं, काहीतरी सांगणार असल्यासारखं तोंड उघडलं, आणि मग नुसती मान हलवली. सूनबाईला पुढचं सगळं दिसलं. भरल्या हॉलमध्ये हे लेकरू उभं राहणार, पान बघणार, डोळे मिटणार आणि मिटल्या डोळ्यांपुढे काळोखाशिवाय काही नसणार. खाली लोक हसणार. ‘मी मठ्ठ आहे’ हे एकदा ह्या वयात मनात घुसलं की ते कुठल्या चष्म्याने जात नाही. हे थांबवायचं, आणि थांबवायचं तर कॅमेराच फोडायचा, असं तिने तिथेच बादलीशेजारी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाई तोडून बोलणाऱ्या होत्या.

“असं पान छापून ठेवणारं डोकं मी तरी पाहिलं नाही, आणि ज्यांनी शोधलं त्यांनाही पक्कं असं सापडलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “काही लहान मुलांना चित्र समोरून काढून घेतल्यावरही थोडा वेळ ते समोर दिसत राहतं. तेही पुसट, आणि त्यातही चुका. मोठेपणी तेवढंही उरत नाही.”

“मग जे घडाघडा म्हणतात ते?”

“ते पाठ करतात. कुणी चालीवर, कुणी जागा लावून, कुणी गोष्ट रचून. बुद्धिबळवाला आख्खा पट सांगतो ना? खऱ्या डावातला सांगतो. सोंगट्या वाटेल तशा टाका, तोही तुमच्याआमच्यासारखाच चाचपडतो. डोक्यात फोटो नसतो हो, ओळख असते. आणि जिथे आठवत नाही तिथे डोकं स्वतःच रंग भरतं, आणि वर शपथही घेतं.”

“म्हणजे फोटो असता, तर उजवीकडूनही वाचता आला असता.”

“तुम्हाला हे मी सांगायला हवं का?” असं म्हणून बाईंनी पुढचा पेशंट बोलावला.

सूनबाई त्या दिवशी घरी जाताना एक नवा तक्ता गुंडाळून घेऊन गेली. आकार तोच, अक्षरांची उतरण तीच, अक्षरं तेवढी वेगळी. सोबत तिने आपलं भाषणही रचत नेलं. बसमध्ये तिचे ओठ हलत होते आणि शेजारची बाई जरा सरकून बसली.

रविवारी दुपारी जावईबापू रंगीत तालीम घ्यायला आले. मोबाइल कपाटावर टेकवून त्यांनी चित्रण सुरू केलं. “जाहिरातीला उपयोगी पडेल,” असं ते म्हणाले. सुरुवात घरच्या तक्त्याने करायची असं ठरलं, कारण तो आजोबांचा हुकमी एक्का. सूनबाईने सकाळीच चौकटीतला कागद बदलला होता. नवरा तक्त्याशेजारी पट्टी घेऊन उभा राहिला. नणंद सोफ्यावर बसली. खारू दाराला चिकटून होती.

कॅमेरा बोळाच्या अलीकडच्या टोकाला येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घातलेला. तक्त्यावरून त्याने नजर फिरवली, राजा दरबारावरून फिरवतो तशी, आणि खणखणीत आवाजात सुरू झाला.

“म!”

नवऱ्याने तक्त्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे पाहिलं.

“र, ल! क, त, प! न, स, ब, ग!”

गडी घसरगुंडीवरून सुटावा तसा सुटला. एकेक ओळ खाली, आवाज तसाच, छाती तशीच. तळाला पोचून त्याने जुन्या तक्त्यावरच्या छापखान्याचं नाव आणि पत्ताही ठणकावला, जो नव्या तक्त्यावर कुठेच नव्हता. नणंदेने दोन टाळ्या वाजवल्या. तिसरी हवेतच राहिली, कारण तिच्या भावाचा चेहरा उतरला होता.

“बाबा,” नवरा हळूच म्हणाला, “इथे म नाहीये. इथे ट आहे. हे सगळंच वेगळं आहे.”

सूनबाई ह्याच क्षणाची वाट बघत होती. हात पुसत ती बोळात आली आणि बसमध्ये रचलेलं भाषण तिने एक शब्दही न गाळता केलं. “फोटो ना? डोळ्यांसमोर पान उभं राहतं ना? हे बघा तुमचं पान! इतकी वर्षं आम्ही टाळ्या वाजवल्या, त्या पोपटाला. पोपट निदान मिरची तरी स्वतः ओळखतो. तुमच्या हौसेसाठी माझी पोर न्हाणीघरात बसून रडते. तिला वाटतं, आजोबांच्या डोक्यात फोटो येतो आणि माझ्याच येत नाही. कुणाच्याच येत नाही, भावोजी! लिहून घ्या आणि तुमच्या त्या क्लासच्या दारावर लावा.”

जावईबापू मोबाइलकडे बघत होते. म्हातारा तसाच उभा होता, हात खाली सोडून. खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण विजय हा पदार्थच असा आहे की एका वाढीत माणसाचं पोट भरत नाही.

“बरं, पाठ नसेल तर निदान वाचून दाखवा,” सूनबाई म्हणाली. “फोटो नको. जे भिंतीवर आहे ते. सगळ्यात वरचं. सगळ्यात मोठं अक्षर. तळहाताएवढं आहे, बाबा.”

म्हाताऱ्याचं बोट शर्टाच्या बटणावर फिरत राहिलं.

“अक्षर सांगितलंय तुमच्या मुलाने आत्ताच. तेही नाही राहिलं लक्षात? धन्य तो कॅमेरा. मग त्याच्या खालची ओळ वाचा. फार नाही, दोन अक्षरं आहेत.”

जावईबापूंना हसू फुटलं. म्हाताऱ्याने मान किंचित वळवली, एकीकडे, मग दुसरीकडे, अंधारात किल्लीचं भोक शोधावं तशी.

“द आणि ह,” दारातून बारीक आवाज आला. “दुसऱ्या ओळीत द आणि ह आहे, आजोबा.”

“खारू, सांगायचं नाही!” सूनबाई खेकसली.

हे वाक्य तिच्या तोंडून रोज जायचं. दवाखान्यात पेशंटच्या मागे उभे राहून नातेवाईक उत्तरं कुजबुजतात तेव्हा ती अशीच खेकसते. कुजबुजणाऱ्यांना माणसाला जिंकवायचं नसतं. आपल्या माणसाला दिसत नाही हे त्यांना माहीत असतं आणि ते दुसऱ्या कुणाला कळू नये एवढंच हवं असतं. वाक्य तोंडातून गेलं आणि तिला हे आठवलं.

ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. अगदी जवळ.

“बाबा, माझ्याकडे बघा.”

“बघतोच आहे.”

ते तिच्या कानाकडे बघत होते.

असे डोळे तिने शेकड्यांनी पाहिले होते. नजरेचा मधला भाग गेला की सरळ बघितलेलं पुसलं जातं आणि कडेकडेचं तेवढं दिसतं. माणूस चालतो, वळतो, चहा ओततो, कशाला धडकत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. पण त्याला पेपर दिसत नाही, फाटकातून आलेलं माणूस ओळखू येत नाही आणि समोरच्याचं नाक बघायचं तर कानाकडे बघावं लागतं. दवाखान्यात अशी नजर दारातून आत आली की ती खुर्चीवर बसवायच्या आधी ओळखायची. घरात ती नजर वर्षभर तिच्यावर खिळलेली होती आणि तिने त्याला माज म्हटलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

“आई, तू ओरडू नकोस त्यांना,” खारू हुंदके देत म्हणाली. “त्यांना मधलं दिसत नाही. मी सांगते ना सगळं. फाटकातून कोण आलं ते सांगते, पेपर वाचते. पण स्टेजवर मी कसं सांगणार? तिथे सगळ्यांना ऐकू जाईल.”

“तुला माहीत होतं?”

“शप्पथ घातली होती.”

नवरा पट्टी हातात घेऊन उभाच होता. नणंद रडायला लागली. रडण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. सासरे भिंतीला टेकून हळूच खुर्चीवर बसले आणि शर्टाच्या बाह्या नीट करत बसले.

“फोटो-बिटो कधीच नव्हता गं,” ते म्हणाले. “मला काय कधी दिसलं? हेडफोन लावून आयुष्य गेलं माझं. कानावर पडलं की राहतं, तेवढंच. तुझ्या तक्त्याचंही तसंच. ही पोरगी दर वर्षी माझ्या आधी वाचायची, मी ऐकायचो. छापखान्याचं नाव तेवढं डोळे धड होते तेव्हा जवळ जाऊन वाचलेलं.”

“मग सांगितलं का नाही मला? मी, बाबा, मी रोज हेच करते. हेच तर काम आहे माझं.”

सासऱ्यांनी हातातली बाही सोडली. मग त्यांनी ते सरळ सांगितलं, राग न धरता, लाइन बिझी आहे असं एखाद्या ग्राहकाला सांगावं तसं.

“तू तपासलं असतंस. पण आधी हसली असतीस.”

‘नसते हसले’ हे खोटं सूनबाईच्या ओठांवर आलं होतं, पण पाच मिनिटांपूर्वीचं भाषण अजून बोळात घुमत होतं. ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिला आतून इतकी लाज वाटली की पोरीला जवळ घ्यायलाही हात उचलेना. पोरच पुढे आली, पण आईकडे नाही. ती आजोबांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली.

जावईबापू कसे असतात ते इथे सांगून टाकायला हवं, म्हणजे पुन्हा त्यांचं तोंड बघायला नको. त्या रात्री त्यांनी चित्रणाचा पुढचा भाग कापून टाकला आणि सुरुवातीचा ठेवला. त्यात इस्त्रीच्या शर्टातले आजोबा घडाघडा वाचताना दिसतात आणि तक्ता चित्रात येतच नाही. जाहिरात झकास झाली. वर्गाच्या सगळ्या जागा भरल्या, स्टेजवर जिवंत पुरावा लागलाच नाही.

सोमवारी सकाळी सूनबाई सासऱ्यांना दवाखान्यात घेऊन गेली. खारूने शाळा बुडवली. तिला नको म्हणायची आईची हिंमत झाली नाही. अंधाऱ्या खोलीतल्या त्या खुर्चीत तिने सासऱ्यांना बसवलं, एक डोळा झाकला आणि चौकटी आखलेला कागद पुढे धरला. रेघा कशा दिसतात, असं तिने विचारलं. ते म्हणाले, मध्ये खड्डा आहे आणि कडेच्या रेघा पाण्यात पडल्यासारख्या हलतायत. दुसऱ्या डोळ्याने नुसता खड्डा. तिने ते लिहून घेतलं. छडी खुंटीला होती, ती तिने उतरवलीच नाही.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत औषध घातलं, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग दिवा लावला.

“डावा गेला,” त्या म्हणाल्या. “उजव्यात पडद्यामागे गळती चालू आहे. इंजेक्शनं सुरू करू. गेलंय ते परत मिळणार नाही, उरलंय ते राखायचा प्रयत्न करायचा. आधी आणलं असतं तर डावाही काही अंशी वाचला असता.” मग त्यांनी नाकावरचा चष्मा खाली ओढला आणि एकदा सूनबाईकडे, एकदा कागदावरच्या आडनावाकडे बघितलं. “हे तुमच्याच घरातले?”

“सासरे.”

बाई तोडून बोलणाऱ्या होत्या, पण त्यांनाही पुढचा प्रश्न बेताने विचारावासा वाटला. तरी कागदावर लिहायला तो विचारणं भागच होतं.

“पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?”

सूनबाईने तोंड उघडलं. ती बोलायच्या आधीच खुर्चीतून उत्तर आलं, खणखणीत, तळाला छापखान्याचं नाव वाचावं तसं.

“सूनबाईच्या,” सासरे म्हणाले. “तिच्या नजरेतून काही सुटत नाही.”

खारूने चमकून वर बघितलं आणि बोलायला ओठ उघडले. आजोबांनी तिचं बोट हातात घेऊन दाबलं, शप्पथ घालताना दाबतात तसं. मग त्यांनी मान वळवली आणि सुनेच्या कानाकडे, म्हणजे तिच्याकडे, बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी तसंच लिहून घेतलं. सूनबाईने ते खोडायला सांगितलं नाही.